दारे-खिडक्यांवरचे लिंटेल : यू ब्लॉक, सळई आणि टेकू

ओळंबा (औसा तालुका)

नमस्कार. गावातल्या जुन्या जागेवर आई-वडिलांसाठी तीन खोल्यांचे घर बांधायला घेतले असून जोत्यापर्यंतचे काम पूर्ण झाले आहे. भिंती आठ इंची भरीव सिमेंट ब्लॉकच्या असतील. पंधरा-वीस दिवसांत काम दारे-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत येईल, म्हणून त्याआधी लिंटेलविषयीच्या, म्हणजे त्या माथ्यावर बसणाऱ्या आडव्या काँक्रीटच्या तुळईविषयीच्या, माझ्या शंका येथे मांडत आहे.

शंकांना कारण आहे. आमचे शेतावरचे घर २०११ साली बांधले. दुसऱ्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या चार फुटी खिडकीच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. दरवर्षी दिवाळीआधी त्या पुट्टी भरून, रंग देऊन आम्ही झाकत आलो, आणि उन्हाळा लागला की त्या पुन्हा उघडत. गेल्या वर्षी मी तेथला गिलावा फोडून पाहिला. लिंटेल एका बाजूला जेमतेम तीन इंच भिंतीवर टेकलेले होते. सळया दोनच होत्या आणि त्याही काँक्रीटच्या मधोमध. खालच्या अंगाला वीतभर लांबीत खडी उघडी पडली होती आणि ती बोटाने उकरली तरी सुटत होती. काम उक्ते दिले होते. मी रोज संध्याकाळी तेथे जात असे, पण ज्या दिवशी ती लिंटेल ओतली, त्याच दिवशी मी बाहेरगावी होतो.

या वेळी मला ते होऊ द्यायचे नाही. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे ब्लॉक एका ओळीत मांडून, त्यांच्या पन्हाळीत सळया ठेवून आणि काँक्रीट भरून लिंटेल करता येते, असे मी वाचले आहे. त्याला बाजूंची सेंट्रिंग, म्हणजे फळ्यांचा साचा, लागत नाही आणि भिंत सगळीकडे एकाच जिनसेची राहते. आपल्याकडे हे कोणी केले आहे का, चार फुटी खिडकीला किती सळई लागते, ती नेमकी कोठे असावी, आणि प्रत्येक खिडकीवर वेगळे लिंटेल करावे की सगळ्या भिंतींवरून सलग पट्टा फिरवावा, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

काळीमाती (परभणी)

आपण भेगेचे वर्णन नेमके केले आहे, पण प्रत्येक भेगेचा दोष लिंटेलवर टाकण्याआधी एक गोष्ट पाहावी. आमच्याकडे काळी माती आठ-दहा फूट खोल आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या घराचा पाया मुरमापर्यंत नेलेला नसतो, ते घर वर्षातून दोनदा हलते आणि भिंत तुटते ती नेहमी खिडकीपाशी, कारण तेथेच ती सर्वांत दुबळी असते. अशी भेग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघते तशीच खालच्याही कोपऱ्यातून निघते, ब्लॉकच्या सांध्यासांध्यातून पायऱ्यांसारखी चढते आणि एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला केसाएवढी असते. लिंटेल कितीही मजबूत केले, तरी ही भेग थांबत नाही.

आपल्या जुन्या घरात खिडकीखाली भेग नव्हती का, आणि नव्या घराचा पाया मुरमावर आहे का, हे कळले तर पुढचे बोलणे सोपे होईल.

---

ओळंबा (औसा तालुका)

जुन्या घरात खिडकीखाली भेग नव्हती. दोन्ही भेगा फक्त वरच्या कोपऱ्यांतून स्लॅबकडे गेल्या होत्या. नव्या घराचा पाया साडेपाच फुटांवर कठीण मुरमात गेला आहे आणि जोत्याला आरसीसी पट्टा केला आहे.

---

सळई (लातूर)

मी गेली बावीस वर्षे लहान-मोठ्या इमारतींचे संकल्पचित्र आणि देखरेखीचे काम करतो. हा प्रश्न वेळेवर विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण लोक बहुधा गिलावा झाल्यावर विचारतात.

प्रथम लिंटेलवर वजन किती येते ते पाहू. भिंतीतले ब्लॉक सांधामोड करून, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा ब्लॉक येईल असे रचलेले असतात, त्यामुळे खिडकीवरच्या भिंतीचे सगळे वजन लिंटेलवर येत नाही. कमानीत उतरावे तसे ते दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरते आणि लिंटेलला साधारण एका समभुज त्रिकोणाएवढाच भाग उचलावा लागतो. आपल्या चार फुटी, म्हणजे १.२ मीटरच्या खिडकीसाठी हिशोबाची लांबी सुमारे १.३७ मीटर धरली, तर त्या त्रिकोणाची उंची १.१९ मीटर होते आणि आठ इंची भरीव ब्लॉकच्या भिंतीत त्याचे वजन अंदाजे ३५० किलो भरते. हा आकडा ऐकून मिस्त्री म्हणतात की एवढ्याला दोन सळया पुष्कळ झाल्या, आणि त्रिकोण पूर्ण असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

आपल्या एकमजली घरात मात्र तो त्रिकोण पूर्ण होत नाही. फरशीपासून लिंटेलचा तळ २.१ मीटरवर, माथा २.३ मीटरवर आणि स्लॅबचा तळ ३ मीटरवर धरला, तर मध्ये भिंत उरते ७० सेंटिमीटर. म्हणजे स्लॅब त्या त्रिकोणाच्या पोटातच येऊन बसतो. दहा फूट रुंदीच्या खोलीचा स्लॅब त्या भिंतीवर टेकत असेल, तर स्लॅब, वरचा कोबा आणि माणसांचा वावर मिळून त्या एका खिडकीवर सुमारे सव्वा टन वजन येते. भिंतीचे साडेतीनशे किलो कोठे आणि हे सव्वा टन कोठे! आपल्या जुन्या स्वयंपाकघरात स्लॅब खिडकीच्याच भिंतीवर टेकलेला असणार, असा माझा अंदाज आहे.

आता सळईची जागा. लिंटेल वजनाखाली वाकते तेव्हा त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ओढला जातो. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ओढ त्याला सोसवत नाही. ती ओढ घेण्यासाठीच सळई असते. म्हणून मुख्य सळया तळाशीच हव्यात. आपल्याला आढळल्याप्रमाणे त्या मधोमध असल्या, तर त्यांचा बराचसा उपयोग वाया जातो, आणि वर गेल्या तर त्या खिडकीपुरत्या नसल्यासारख्याच.

यू ब्लॉकच्या बाबतीत येथेच एक बारकावा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. या ब्लॉकला स्वतःचा ३५ ते ४० मिलिमीटर जाडीचा तळ असतो. त्यावर २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर, सोडून सळई बसते, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीच्या लिंटेलमध्ये सळई खालच्या कडेपासून सुमारे ६० मिलिमीटर वर जाते आणि हिशोबाला लिंटेलच्या माथ्यापासून सळईपर्यंतची १४० मिलिमीटरच खोली उरते. फळ्या लावून ओतलेल्या तेवढ्याच उंचीच्या लिंटेलमध्ये ती १७० च्या आसपास मिळते. हा फरक सळईच्या जाडीत भरून काढावा लागतो. वर सांगितलेल्या वजनाला १.२ मीटरच्या खिडकीसाठी तळाशी १० मिलिमीटरच्या दोन सळया पुरतात. १.५ मीटरसाठी मी १२ मिलिमीटरच्या दोन घेईन. त्यापुढच्या रुंदीला, किंवा वर दुसरा मजला येणार असेल तेव्हा, एका थराचे यू ब्लॉक लिंटेल अंदाजाने करू नये, त्याचे स्वतंत्र संकल्पचित्र करून घ्यावे. वरच्या अंगाला ८ मिलिमीटरच्या दोन सळया आणि दर १५० मिलिमीटरवर ६ मिलिमीटरची रिंग (सळयांना भोवतीने बांधणारे कडे), एवढे सर्वच ठिकाणी असावे.

बेअरिंग, म्हणजे लिंटेल भिंतीवर जितके टेकते ती लांबी, दोन्ही बाजूंना आठ इंच ठेवा. ब्लॉक ४०० मिलिमीटर लांब असल्याने हे मापात छान बसते: १२०० ची खिडकी, अधिक दोन्हीकडे २००, म्हणजे १६०० मिलिमीटर, नेमके चार यू ब्लॉक. तीन इंचांच्या बेअरिंगमुळे झालेले नुकसान आपण पाहिलेच आहे. सगळा भार टोकाच्या अर्ध्या ब्लॉकच्या कडेवर येतो, तो ब्लॉक चिरडतो आणि भेग तेथूनच सुरू होते.

---

माळवद (उमरगा तालुका)

सलग पट्टा फिरवावा का, या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण त्याचे उत्तर मी एका पहाटे पाहिले आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी मी एकोणीस वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत घरे होती ती दगड आणि मातीची. भिंती दोन-अडीच फूट जाड, बाहेरून आणि आतून चांगले दगड लावून मधल्या पोकळीत गोटे आणि चिखल भरलेला, दोन्ही अंगांना एकत्र धरणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद, आणि गळती थांबावी म्हणून दरवर्षी त्यावर मातीचा आणखी एक थर. त्या पहाटे भिंतींची दोन अंगे एकमेकांपासून सुटून आत-बाहेर कोसळली आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसे गेली. त्यांत माझ्या आत्याच्या घरातली चार होती.

दुसऱ्या दिवशी दगड उपसताना जे दिसले, ते मी विसरलेलो नाही. आत्याच्या घरात दाराच्या चौकटी उभ्या होत्या. सागवानी चौकट, वर कोरलेली गणेशपट्टी, तिच्यावर दगडाचे चिरे पेलणारी जाड तुळई, सगळे जागच्या जागी होते. दारावरची तुळई तुटली नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंची भिंत तिला सोडून गेली होती. एकेका दारावर एकेक मजबूत तुळई असून उपयोग होत नाही, त्या सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारे काही तरी लागते, हे मला कोणत्याही अभियंत्याने सांगण्याआधी तेथे कळले.

नंतर पुनर्वसनात घरे बांधली गेली, तेव्हा खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींवर फिरणारा पट्टा प्रथमच पाहिला. आमच्या मिस्त्रींना तो तेव्हा उगाच खर्च वाटत असे. त्या आधीच्या नकाशात आमचा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात धरलेला होता. २००२ साली मानकात सुधारणा झाली, तेव्हा तो तिसऱ्या क्षेत्रात आला. अलीकडे २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली-नांदेडकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा परभणीच्या माझ्या मुलीचा फोन आला होता. घराला काही झाले नव्हते, पण तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की आपल्या घराला पट्टा आहे ना.

ओळंबा, आपण आई-वडिलांसाठी घर बांधत आहात. पट्टा फिरवाच.

---

सळई (लातूर)

माळवद यांनी जे लिहिले, त्यानंतर तांत्रिक भर एवढीच घालतो. भूकंपरोधक बांधकामाचे ४३२६ क्रमांकाचे भारतीय मानक हेच सांगते. लिंटेलच्या पातळीवरचा पट्टा बाहेरच्या आणि आतल्या सर्व भिंतींवरून सलग असावा. दोन सळया असतील तर त्याची जाडी किमान ७५ मिलिमीटर आणि चार सळया असतील तर १५० मिलिमीटर असावी. सळयांना ६ मिलिमीटरच्या रिंगांनी दर १५० मिलिमीटरवर बांधावे. आपला यू ब्लॉकचा थर २०० मिलिमीटर उंच आहे, म्हणजे त्यात चार सळयांचा पट्टा सहज बसतो. खिडकीवरचे लिंटेल हा त्या पट्ट्याचाच एक भाग होतो; फक्त खिडकीच्या रुंदीत आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट खालच्या सळया जाड घ्यायच्या किंवा जादा टाकायच्या.

भूकंपात पट्टा तुटतो तो कोपऱ्यात. तेथे दोन भिंतींच्या सळया एकमेकींवर नुसत्या आडव्या टाकून सोडतात, ते चालत नाही. बाहेरच्या अंगाची सळई कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीत न्यावी आणि तिचा जोड कोपऱ्यापासून दूर घ्यावा. १० मिलिमीटरच्या सळईला जोडाची लांबी दोन फूट ठेवा. आतल्या अंगाची सळई कोपरा ओलांडून समोरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत न्यावी आणि तेथे वळवावी.

नकाशात अजून बदल शक्य असेल, तर कोणतीही खिडकी खोलीच्या कोपऱ्यापासून दीड फुटाच्या आत घेऊ नका. कोपऱ्याजवळचा भिंतीचा अरुंद तुकडा भूकंपात आधी जातो आणि लिंटेलचे बेअरिंगही त्याच तुकड्यावर असते.

---

थापी (जिंतूर)

माझे वडील मिस्त्री होते आणि मीही तेच काम करतो. यू ब्लॉकचे लिंटेल आणि पट्टा मी आतापर्यंत सहा घरांना केला आहे, म्हणून प्रत्यक्ष काम कसे चालते ते क्रमाने सांगतो.

सुरुवात जोत्यावर होते, लिंटेलवर नव्हे. ब्लॉक अधिक सांधा मिळून प्रत्येक थर २०० मिलिमीटरचा होतो. जोत्यावर अकरा थर रचले की २.२ मीटर होतात. आत मुरूम, कोबा, फरशी मिळून १०० मिलिमीटर भरले जातात, म्हणजे फरशीपासून दाराची उंची बरोबर २.१ मीटर मिळते. यू ब्लॉकचा थर बारावा. दारे आणि खिडक्या सगळ्यांचा माथा अकराव्या थरावर आणा, म्हणजे पट्टा कोठेही वर-खाली होत नाही. एक खिडकी चार इंच वर किंवा खाली झाली की पट्टा मोडतो आणि मग तो जोडण्यासाठी करावी लागणारी ठिगळे टिकत नाहीत. अकरावा थर झाल्यावर पाण्याच्या नळीने सगळ्या कोपऱ्यांची पातळी पुन्हा तपासा.

यू ब्लॉक आमच्याकडे दुकानात तयार मिळत नव्हते. मी ब्लॉकच्या कारखान्यात जाऊन साच्यात बसेल असा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घेतला. ठोकळ्याला खालच्या बाजूला थोडा उतार द्यावा लागतो, नाही तर तो ओल्या ब्लॉकमधून निघताना कडा तोडतो. पहिल्या दिवशी आमचे दहातले चार ब्लॉक तसेच गेले. हे ब्लॉक आपल्या कामाच्या किमान दीड महिना आधी करून घ्या. चौदा दिवस पाणी आणि त्यानंतर चार आठवडे वाळवण झाल्याशिवाय ब्लॉक भिंतीत घालू नये. ओला ब्लॉक भिंतीत गेल्यावर आक्रसतो आणि त्याच्या बारीक भेगा पुन्हा खिडकीच्याच कोपऱ्यात दिसतात. आपल्याकडे पंधरा-वीस दिवसच आहेत असे लिहिले आहे; तेव्हा भिंत हळू चढवा, किंवा तयार यू ब्लॉक मिळतात का ते आजच पाहा.

खिडकीच्या जागी तळाला एक फळी लागते, बाजूला फळ्या लागत नाहीत. फळीखाली दर दोन फुटांवर टेकू लावा आणि टेकूच्या बुडाशी लाकडी पाचरांची जोडी ठेवा. पाचर असली की पातळी करताना हलक्या हाताने ठोकता येते, आणि पुढे टेकू काढताना घाव घालावा लागत नाही. दाराची चौकट आधी बसवली असेल, तर फळी चौकटीवर टेकवू नका. चौकट आणि लिंटेल यांच्यात बोटभर फट राहू द्या, ती शेवटी भरा. नाही तर पुढे लिंटेल चौकटीवर बसते आणि दार घासू लागते.

फळीवर यू ब्लॉक मांडताना दोन ब्लॉकच्या टोकांमध्ये माल पूर्ण भरा. हा सांधा पोकळ राहिला तर काँक्रीटमधले सिमेंटचे पाणी तेथून खाली गळते आणि मागे फक्त खडी उरते. ओळंबा यांना जुन्या लिंटेलखाली जी उघडी खडी दिसली, ती अशाच गळतीची असण्याचा संभव आहे. सांध्यातून आत आलेला माल थापीच्या टोकाने लगेच काढून टाका, नाही तर तो वाळल्यावर सळईचा सांगाडा खाली बसत नाही.

सांगाडा बाहेर बांधून आणा आणि पन्हाळीत उतरवा. त्याखाली २० मिलिमीटरचे सिमेंटचे कव्हर ठोकळे हवेत. दगडाची कपची किंवा सळईचा तुकडा कव्हर म्हणून ठेवू नका; कपची सरकते आणि सळईचा तुकडा गंजतो. मग पन्हाळीला आतून पाण्याचा हात फिरवा. ब्लॉक कोरडा असेल तर काँक्रीटचे पाणी ओढून घेतो आणि काँक्रीट ब्लॉकला धरत नाही. मात्र पन्हाळीत पाणी साचलेलेही असू नये.

काँक्रीट एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणात आणि खडी १० मिलिमीटरची घ्या. पन्हाळ आतून जेमतेम १२० मिलिमीटर रुंद असते, त्यात वीस मिलिमीटरची खडी सळयांमध्ये अडकते. चार ब्लॉकच्या लिंटेलला सुमारे २९ लिटर काँक्रीट लागते, म्हणजे दोन-तीन घमेलीच. पण दोन थरांत भरा आणि प्रत्येक थर सळईने टोचून बसवा. टोचताना आवाज बदलतो. आधी खडीचा कोरडा खरखराट येतो आणि मग सळई मऊ जाते. तो बदल ऐकू येईपर्यंत थांबू नये, असे मला वडिलांनी शिकवले. माथा थापीने गुळगुळीत करू नका, खरबरीत ठेवा, म्हणजे तेराव्या थराचा माल त्याला धरेल.

---

टँकर (बीड)

आमच्या भागात एप्रिलनंतर पिण्याचे पाणी टँकरने येते आणि बोअरचे पाणी मचूळ आहे. त्याच पाण्याने लिंटेल ओतले आणि त्याच पाण्याने भिजवले तर चालेल का? आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात किती दिवस पाणी मारावे?

---

सळई (लातूर)

मचूळ पाणी सळई असलेल्या काँक्रीटला घातक आहे, कारण त्यातला क्षार सळईला गंज चढवतो आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. मानकानुसार अशा काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पाण्याचा नमुना तपासून घ्या. तपासणी होईपर्यंत निदान काँक्रीट कालवायला टँकरचे पाणी वापरा. एका लिंटेलला ते फार तर घागरभर लागते.

आज बाजारात मिळणारे बहुतेक सिमेंट राखमिश्रित पीपीसी असते, त्याला बळ यायला वेळ लागतो. कोरड्या, कडक उन्हात ते किमान चौदा दिवस ओले राहिले पाहिजे. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने यू ब्लॉकचा एक मोठा फायदा आहे: काँक्रीट तीन बाजूंनी झाकलेले असल्याने पाणी फक्त वरून उडते. वर ओले गोणपाट आणि त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरला, तर दिवसातून दोनदा तांब्या-तांब्या पाणी पुरते. ओतायचे काम सकाळी लवकर किंवा सायंकाळी पाचनंतर करा. खिडक्यांखालचे टेकू चौदा दिवसांआधी काढू नका आणि तोवर त्या लिंटेलवर भिंत चढवू नका.

---

सावली (जालना)

पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा हवाच, पण या ब्लॉकच्या लिंटेलमधून तो कसा काढावा? आमच्या शेजारी छज्जा ओतल्यानंतर तिसऱ्या दिवशी टेकू काढले आणि तो खिडकीसकट पुढे कलंडला. सुदैवाने खाली कोणी नव्हते.

---

सळई (लातूर)

छज्जा भिंतीतून बाहेर लोंबकळत असल्याने त्याची ओढ वरच्या अंगाला असते, म्हणून त्याच्या मुख्य सळया वर हव्यात. लिंटेलमध्ये सळई खाली आणि छज्जात वर, येथेच पुष्कळ कामांत गफलत होते. काँक्रीट भरताना छज्जाच्या जाळीवर माणूस उभा राहतो आणि वरची सळई दबून खाली जाते. जाळीखाली वळवलेल्या सळईचे घोडे ठेवा आणि तिच्यावर पाय देऊ नका.

दुसरे असे की छज्जा लिंटेलला पुढे पिळतो. त्याला मागे धरून ठेवते ते लिंटेलवरच्या भिंतीचे आणि स्लॅबचे वजन, आणि तिसऱ्या दिवशी ते तेथे नव्हतेच. वरची भिंत पूर्ण होऊन स्लॅब पडून त्याचे टेकू निघेपर्यंत छज्जाखालचे टेकू तसेच ठेवावेत. यू ब्लॉकची बाहेरची भिंत छज्जाच्या लांबीत ग्राइंडरने कापून टाकावी, म्हणजे छज्जा आणि लिंटेल यांचे काँक्रीट एकाच वेळी, एकसंध ओतता येते. दीड फुटापेक्षा अधिक रुंद छज्जा या पद्धतीने करू नये.

---

ओळंबा (औसा तालुका)

सर्वांना उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण थापी यांच्या सांगण्यावरून काम मध्ये थांबवले होते. तयार यू ब्लॉक मिळाले नाहीत. लातूरजवळच्या एका ब्लॉकवाल्याने साच्यात ठोकळा बसवून एकशे चाळीस ब्लॉक करून दिले. सहा आठवडे होईपर्यंत आम्ही भिंती अकराव्या थरावर थांबवल्या आणि तोवर संडास-बाथरूमचे काम केले.

पट्टा ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सळई यांची टिपणे हातात घेऊन प्रत्येक कोपरा पाहिला. बाहेरचे चारही कोपरे ठीक होते. आतली, स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधली भिंत बाहेरच्या भिंतीला मिळते, तेथे मात्र सळया कापून टोकाला टोक लावून ठेवल्या होत्या. बाहेरून ते दिसत नव्हते; पन्हाळीत मोबाइलचा उजेड पाडला तेव्हा दिसले. मिस्त्रींना दाखवल्यावर त्यांनी कुरकूर न करता दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-दोन फुटांच्या वळवलेल्या सळया घालून जोड करून दिला आणि मगच काँक्रीट कालवले. माझे वडील पंचाहत्तर वर्षांचे आहेत; ते खुर्ची टाकून दिवसभर तेथे बसले होते आणि प्रत्येक घमेल्यानंतर टोचणी झाली की नाही, ते पाहत होते.

चौदा दिवस गोणपाट ओले ठेवले. पंधराव्या दिवशी टेकू काढण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, दोन्ही बाजूंच्या भिंतींना खिळे मारून सूत ताणून बांधले आणि लिंटेलच्या तळाच्या मधोमध फळीला एक भोक पाडून तेथून सुतापर्यंतचे अंतर मोजले, ते ४१ मिलिमीटर होते. मग पाचरी सैल करून टेकू एकेक काढले, फळी उतरवली आणि पुन्हा मोजले. ४१ च होते. तळाच्या सांध्यांतून कोठेही खडी उघडी नव्हती.

पश्चिमेच्या छज्जाखालचे टेकू तसेच ठेवले आहेत. उद्यापासून तेरावा थर सुरू होईल. स्लॅबचा भार वर आल्यानंतर सूत पुन्हा लावून मोजेन आणि आकडा येथे लिहीन.